दोन सेकंद बाकी होते: हुलिओ सेसार चावेझ समजून घेताना

बॉक्सिंगमधलं आपल्याला काही कळत नाही, दोन माणसं एकमेकांना मारतात त्यात बघायचं काय, असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना मी एकच लढत बघायला सांगतो. 17 मार्च 1990, लास वेगास, हिल्टन हॉटेल. एका बाजूला मेक्सिकोचा हुलिओ सेसार चावेझ, तोवर एकही लढत न हरलेला. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा मेल्ड्रिक टेलर, 1984च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता. तोही अजिंक्य. शेवटची, बारावी फेरी. टेलर गुणांवर खूप पुढे आहे. त्याने फक्त उभं राहायचं आहे. फेरी संपायला वीस सेकंदही उरलेले नसताना चावेझचा उजवा ठोसा बसतो आणि टेलर कोपऱ्यात खाली पडतो. तो उठतो. रेफरी रिचर्ड स्टील आठपर्यंत मोजतो, त्याला विचारतो, ‘ठीक आहेस ना?’ उत्तर येत नाही. पुन्हा विचारतो. टेलरची नजर दुसरीकडेच, आपल्या प्रशिक्षकाकडे. स्टील दोन्ही हात हलवून लढत थांबवतो. घड्याळात दोन सेकंद शिल्लक असतात.

चावेझ जिंकला. हातातोंडाशी आलेला घास म्हणजे काय, ते टेलरला त्या रात्री कळलं.

त्या दोन सेकंदांवर आज पस्तीस वर्षांनंतरही लोक तावातावाने भांडतात. पण निकाल नीट कळायचा असेल तर आधी बॉक्सिंगचा हिशोब कळायला हवा, आणि मग चावेझ नावाचा माणूस.

हिशोब सोपा आहे. किताबाची लढत बारा फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. रिंगच्या तीन बाजूंना तीन जज बसतात. एकमेकांशी न बोलता प्रत्येक जण आपापलं स्कोअरकार्ड भरतो. फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला 9. कोणी खाली पडला तर त्याला साधारण 8. म्हणजे प्रत्येक फेरी ही स्वतंत्र परीक्षा असते. आधीच्या फेरीत तुम्ही कितीही मार दिला असेल, पुढच्या फेरीची पाटी कोरी.

अकरा फेऱ्यांनंतर त्या रात्री दोन जजांनी टेलरला पुढे ठेवलं होतं, 107-102 आणि 108-101. तिसऱ्याच्या मते चावेझ एका गुणाने पुढे होता, 105-104. आता बारावी फेरी चावेझची, शिवाय टेलर खाली पडलेला, म्हणून ती 10-8 धरू. बेरीज करून पाहा: टेलर 115-112 आणि 116-111, चावेझ 115-112. दोन विरुद्ध एक. दोन सेकंद निघून गेले असते तर टेलर जिंकला असता.

पण बॉक्सिंगमध्ये या गुणांच्या वहीवर आणखी एक नियम बसलेला आहे, आणि तो सगळ्यात जुना आहे. माणूस स्वतःचं रक्षण करू शकत नसेल तर लढत तिथेच संपते, मग वहीत काहीही लिहिलेलं असो. ते ठरवायचा अधिकार एकट्या रेफरीचा. स्टीलचं म्हणणं शेवटपर्यंत एकच राहिलं: आपण घड्याळ बघत नाही, माणूस बघतो. टेलरच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं होतं आणि तोंडातलं रक्त तो रात्रभर गिळत होता. माझं मत विचाराल तर स्टीलने बरोबर केलं. पण टेलरच्या बाजूने चिडणाऱ्यांनाही मला चूक म्हणता येत नाही. कोपऱ्यातला लाल दिवा लागलेला होता. शेवटचे दहा सेकंद राहिले की तो लागतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे. इतक्या चपळ, इतक्या फेऱ्या जिंकलेल्या माणसाची अशी अवस्था झाली कशी?

पहिल्या फेरीपासून पाहिलं तर टेलरचे हात दिसतात. पाच-पाच, सहा-सहा ठोशांची सरबत्ती आणि लगेच बाजूला. चावेझ त्यामानाने संथ वाटतो. तो एक मारतो, दोन मारतो, पुढे सरकतो. फेरीचे गुण टेलरला मिळतात. पण नजर डोक्यावरून काढून पोटावर आणली की दुसरीच लढत सुरू असल्याचं दिसतं. चावेझचा प्रत्येक ठोसा मोजून, रुतवून मारलेला आहे. बरगड्यांखाली, पोटाच्या कडेला, हाताच्या फटीतून. जजाच्या वहीत त्याची फारशी नोंद होत नाही. टेलरच्या शरीरात होत राहते.

मेक्सिकोतल्या तालमींमध्ये या ठोशाला नाव आहे, ‘गांचो अल इगादो’. इगादो म्हणजे यकृत, गांचो म्हणजे आकडा. डाव्या हाताचा, खालून आकड्यासारखा वळत येणारा, समोरच्याच्या उजव्या बरगड्यांच्या टोकाशी बसणारा ठोसा. यकृत तिथे असतं. बरंचसं फासळ्यांच्या आड, पण खालची कड जवळजवळ उघडी. तिथे नेमका दणका बसला की शरीराची स्वयंचलित यंत्रणा गोंधळते, रक्तदाब घसरतो, श्वास अडकतो, पाय जागच्या जागी दुमडतात. डोक्याला मार बसला तर माणूस बेशुद्ध पडतो, त्याला कळतही नाही. यकृताला बसला तर सगळं कळत असतं. आकडे ऐकू येतात, उठायची इच्छा असते, पण शरीर ऐकत नाही. आणि गंमत बघा, हे लगेच होत नाही. ठोसा बसल्यावर क्षणभर काहीच घडत नाही, मारणारा पुढचा ठोसा मारायला हात उचलतो, आणि तेवढ्यात समोरचा गुडघ्यावर येतो.

हा ठोसा मारायला मात्र जवळ जावं लागतं, आणि जवळ जाणं म्हणजे मार खाणं. चावेझचं खरं कसब इथे आहे, आणि ते त्याच्या हातांपेक्षा पायांत आहे. पळणाऱ्याच्या मागे तो धावत नाही. समोरचा डावीकडे निघाला की तो त्या बाजूला तिरकं एक पाऊल टाकतो आणि वाट अडवतो. समोरचा वळतो, पुन्हा एक पाऊल. गल्लीत पळणारं वासरू पकडायला शहाणा माणूस जसा मागे न धावता पुढची वाट अडवून उभा राहतो, तसं. बघता बघता रिंग लहान होत जाते, पाठीला दोऱ्या लागतात. मग डावा हात बरगडीवर, आणि तोच हात खाली न आणता वर, जबड्यावर. एकाच हाताने खाली आणि वर. खालच्या ठोशाने समोरच्याचं कोपर खाली येतं, त्याने जबडा उघडा पडतो. पुढची लढत बघाल तेव्हा फक्त चावेझच्या पावलांकडे बघा. पाचव्या मिनिटाला तुम्हाला खेळ कळू लागेल.

चावेझचा जन्म 12 जुलै 1962चा, सोनोरा राज्यातल्या सिउदाद ओब्रेगॉन गावचा. वाढला मात्र शेजारच्या सिनालोआ राज्यातल्या कुलियाकान शहरात. वडील रेल्वेत कामाला. दहा भावंडांचं हे कुटुंब रेल्वेच्या टाकून दिलेल्या डब्यात राहायचं. आई लोकांचे कपडे धुवायची, इस्त्री करायची. ‘तुला घर बांधून देईन, मग हे काम करावं लागणार नाही,’ असा शब्द आपण आईला दिला होता, असं चावेझने पुढे सांगितलं. भाऊ आधीपासून बॉक्सिंग करायचे, त्यांच्या पाठोपाठ तोही तालमीत शिरला. 5 फेब्रुवारी 1980 रोजी कुलियाकानमध्ये त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली. वय 17.

पुढची चार वर्षं त्याने लढती खेळल्या त्या बहुतेक कुलियाकान आणि तिहुआनात, समोर बहुतेक नाव नसलेले बॉक्सर. याला बॉक्सिंगच्या धंद्यात वाईट मानत नाहीत. नव्या मुलाला हळूहळू घडवायचं, आधी सोप्या, मग कठीण लढती द्यायच्या, ही रीतच आहे. पण यामुळे चावेझच्या ‘87 पैकी 87’ या आकड्याकडे, म्हणजे पहिल्या 87 लढती सगळ्या जिंकल्या या नोंदीकडे, बघताना जरा सावध राहायला हवं. त्यात मार्च 1981ची एक लढतही आहे, मिगेल रुईझविरुद्धची. पहिली फेरी संपल्याची घंटा वाजल्यावर ठोसा मारला म्हणून चावेझला अपात्र ठरवलं गेलं, म्हणजे तो हरला. मग त्याचे मॅनेजर रामोन फेलिक्स यांनी अधिकाऱ्यांकडे दाद मागितली, निकाल फिरला आणि हार नॉकआउट विजय म्हणून नोंदली गेली. मी चावेझचा चाहता आहे, तरी ही गोष्ट सांगितल्याशिवाय तो आकडा सांगू नये असं मला वाटतं. त्याचं मोठेपण आकड्यावर उभंच नाही.

पहिला जागतिक किताब आला 13 सप्टेंबर 1984 रोजी, लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिक ऑडिटोरियममध्ये. समोर मेक्सिकोचाच मारिओ ‘आसाबाचे’ मार्टिनेझ, आठव्या फेरीत लढत थांबली. वजनगट 130 पाउंड, म्हणजे साधारण 59 किलो.

इथे वजनाचं थोडं सांगतो, कारण ‘तीन वजनगटांत विजेता’ असं वाचलं की ते सहज वाटतं. बॉक्सिंगमध्ये आदल्या दिवशी काट्यावर उभं राहावं लागतं, ठरलेल्या वजनापेक्षा थोडंही जास्त भरलं तर किताब मिळत नाही. चावेझ 130वरून 135वर गेला, मग 140वर. किलोत मोजलं तर सगळा मिळून साडेचार किलोंचा फरक. पण प्रत्येक पायरीवर समोरचा माणूस हाडापेराने मोठा, त्याचा ठोसा जड, आणि तुमच्या ठोशाचा त्याच्यावर परिणाम कमी. कुस्तीत वरच्या गटातल्या गड्याशी धरलेल्या कोणालाही विचारा.

आणि किताबाचे पट्टे इतके कसे? कारण जगात एकच संघटना नाही. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल, वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन, इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन, वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन अशा चार मोठ्या संघटना आहेत, प्रत्येकीचा प्रत्येक गटात आपला विजेता. पहिल्या संघटनेचं मुख्यालय मेक्सिको सिटीत आणि तेव्हाचे अध्यक्ष होसे सुलैमान हेही मेक्सिकोचे. ते चावेझला झुकतं माप देतात, ही टीका त्या काळी सतत होत असे.

तरीही नोव्हेंबर 1987मधली एडविन रोसारियोविरुद्धची लढत बघितल्यावर झुकत्या मापाची भाषा कोणी करू नये. पोर्तो रिकोचा रोसारियो 135 पाउंडातला विजेता, जबर ठोशासाठी प्रसिद्ध. चावेझ पहिल्यांदाच या गटात उतरला होता, लहानखुरा म्हणून त्याच्याकडे बघितलं जात होतं. त्या रात्री त्याने रोसारियोच्या छातीला छाती लावून दहा फेऱ्या त्याला खालून वर आणि वरून खाली असं फोडून काढलं. रोसारियोचा डोळा सुजून बंद झाला. अकराव्या फेरीत लढत थांबली. टेलरची लढत नाट्यमय आहे. पण चावेझ म्हणजे नेमकं काय, ते बघायचं तर ही.

मेक्सिकोला तो आपलाच वाटायचा. कपाळाला लाल पट्टी बांधून तो रिंगकडे चालत यायचा. 16 सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, आणि त्या सुमारास चावेझची मोठी लढत असणं हा जणू रिवाजच पडला: 1992ला हेक्टर ‘माचो’ कामाचो, 1993ला पर्नेल व्हिटेकर, 1994ला पुन्हा मेल्ड्रिक टेलर.

20 फेब्रुवारी 1993ची रात्र या सगळ्याचा कळस. मेक्सिको सिटीचं आस्तेका स्टेडियम. समोर अमेरिकेचा ग्रेग हॉगन. लढतीआधी हॉगन म्हणाला होता की चावेझने ज्यांना हरवलं ते तिहुआनाचे टॅक्सीवाले, त्यांना माझी आईसुद्धा लोळवेल. बघायला 1 लाख 32 हजारांहून जास्त माणसं आली. बॉक्सिंग बघायला पैसे मोजून एवढी गर्दी कधीच जमलेली नाही, विक्रम अजून त्याच रात्रीच्या नावावर आहे. पहिल्याच मिनिटात हॉगन खाली पडला. मग चावेझने त्याला पाचव्या फेरीपर्यंत मारलं. लढतीनंतर हॉगनने मान्य केलं की ते टॅक्सीवाले चांगलेच कणखर असले पाहिजेत. हरल्यावर असं बोलायलाही मोठं मन लागतं.

त्यानंतर उतार सुरू झाला, आणि तो ओळखायला लोकांना वेळ लागला. सप्टेंबर 1993मध्ये सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये व्हिटेकरने चावेझला जवळ येऊच दिलं नाही. वाट अडवायची तर समोरचा कुठे जाणार हे आधी कळावं लागतं, आणि व्हिटेकर कुठे जाणार हे कोणालाच कळत नसे. दोन जजांनी 115-115 दिलं, एकाने व्हिटेकरला 115-113. बरोबरी जाहीर झाली. बघणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मते व्हिटेकर स्वच्छ जिंकला होता. माझ्याही मते. 87 विजयांची साखळी तिथे तुटली, कागदावर मात्र हार लागली नाही.

हार लागली 29 जानेवारी 1994ला, फ्रँकी रँडलकडून, एक्क्याण्णवाव्या लढतीत. अकराव्या फेरीत चावेझ आयुष्यात पहिल्यांदा खाली बसला. चेहऱ्यावर वेदनेपेक्षा आश्चर्य जास्त होतं. कंबरेखाली ठोसे मारल्याबद्दल त्याचे दोन गुण कापले गेले, आणि निकाल निसटताच असल्यामुळे ते दोन गुण महागात पडले. रेफरी होता रिचर्ड स्टील. तोच, दोन सेकंदांवाला. बरगडीखाली मारण्यावर ज्याने सगळं उभं केलं, त्याचा ठोसा आता वीतभर खाली जात होता.

पुढे ऑस्कर दे ला होया आला. 1996मध्ये लास वेगासच्या सीझर्स पॅलेसला त्याने चावेझची भुवई पहिल्याच फेरीत फोडली, चौथ्या फेरीत डॉक्टरांच्या सल्ल्याने लढत थांबली. 1998ला पुन्हा, आठव्या फेरीनंतर चावेझ स्टुलावरून उठला नाही. दे ला होयाचे आईवडील मेक्सिकोतूनच आलेले, तो स्वतः लॉस एंजेलिसला जन्मलेला. तरी मेक्सिकन प्रेक्षक चावेझच्या बाजूने ओरडत होते आणि जिंकणाऱ्याची हुर्यो उडवत होते. 2000 साली कोस्त्या झ्यूने त्याला सहाव्या फेरीत थांबवलं. शेवटची लढत सप्टेंबर 2005, फिनिक्स. हात दुखावला आणि पाचव्या फेरीनंतर तो बसूनच राहिला. वय 43. एकूण 115 लढती, 107 विजय, 6 पराभव, 2 बरोबरी. 2011मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं.

या आकड्यांच्या मागे काय चाललं होतं, ते त्याने स्वतःच नंतर उघड केलं. दारू आणि कोकेन. यशाच्या शिखरावर असतानाच सुरू झालेलं, निवृत्तीनंतर पुरतं गिळणारं. शेवटी घरच्यांनी त्याला उपचार केंद्रात दाखल केलं, आणि तो बाहेर पडला. आता तो तिहुआनात ‘बाहा देल सोल’ नावाची व्यसनमुक्ती केंद्रं चालवतो आणि टीव्हीवर लढतींचं समालोचन करतो. आपल्या व्यसनाबद्दल तो इतक्या मोकळेपणाने बोलतो की ऐकताना आपल्याच गळ्यात आवंढा येतो. धाकट्या पिढीलाही ते सुटलं नाही. मोठा मुलगा, हुलिओ सेसार चावेझ ज्युनिअर, त्याच वाटेने गेला, आणि बापाने त्याला उपचारासाठी जाहीरपणे विनवण्या केल्या.

हा मुलगा 2011मध्ये 160 पाउंड गटात जागतिक विजेता झाला होता. 15 सप्टेंबर 2012, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्याच रात्री, लास वेगासमध्ये त्याच्यासमोर अर्जेंटिनाचा सर्जिओ मार्टिनेझ. मार्टिनेझने त्याला अकरा फेऱ्या नाचवलं. तिन्ही स्कोअरकार्डांवर ज्युनिअर इतका मागे होता की नॉकआउटशिवाय काहीच उपयोगाचं नव्हतं. बारावी फेरी. बाप रिंगच्या कडेलाच होता. आणि ज्युनिअरचा डावा हात बसला, पाठोपाठ आणखी ठोसे, मार्टिनेझ खाली. सगळं सभागृह उभं राहिलं. बाविसेक वर्षांपूर्वी याच शहरात बापाला वीस सेकंदही मिळाले नव्हते, मुलाकडे मिनिटभराहून जास्त वेळ होता.

मार्टिनेझ उठला. पाय लटपटत होते, तरी त्याने ज्युनिअरला मिठी मारली, ढकललं, उलट मारलं, पुन्हा मिठी मारली. रेफरी जवळ येऊन बघत होता, पण थांबवायची वेळ आली नाही. घंटा वाजली तेव्हा मार्टिनेझ उभा होता.